उद्याचा आराखडा कोणाच्या हाती?

भविष्य आपोआप अवतरत नाही. कोणीतरी ते आखीत असते. १९७६ साली ब्रिटनमधील लुकास एरोस्पेसच्या कामगार-प्रतिनिधींनी, माइक कूली यांच्यासारख्या आरेखक-अभियंत्यांच्या साथीने, नोकरकपातीला नुसता विरोध केला नाही. लष्करी उत्पादनाऐवजी सुमारे १५० समाजोपयोगी वस्तूंचा आराखडाच व्यवस्थापनापुढे ठेवला. त्यात हीट पंप होते, वीज व इंधन या दोहोंवर चालणारी वाहनेही होती. व्यवस्थापनाने तो फेटाळला. आज या दोन्ही वस्तू जगभर विकल्या जातात. म्हणजे कल्पना अव्यवहार्य नव्हती. निर्णयाचा अधिकार कामगारांकडे नव्हता. आरेखक पर्याय डोळ्यांसमोर उभा करू शकतो. तो अमलात आणण्याची शक्ती संघटनेलाच कमवावी लागते. आपल्या कामगार संघटनांनी मागणीपत्रासोबत उत्पादनाचा आराखडाही मांडावयास हवा.