नवसागर, चुना आणि घेरी



रत्नागिरी शहराला लागून असलेले मिरजोळे आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्वांना परिचित आहे. पण तेथील जुन्या चिरेबंदी घरांच्या फडताळात अजूनही एक रसायन जपून ठेवलेले आढळते. ते म्हणजे नवसागर. दारात कल्हईवाला येई तेव्हा त्याच्याकडून दोन खडे मागून घ्यावेत, त्यांची पूड चुन्याबरोबर बुचाच्या बाटलीत भरावी आणि कोणाला घेरी आली की ती नाकाशी धरावी, अशी आपल्याकडील जुनी रीत.

गेल्या वैशाखात तेथील एका स्नेह्यांच्या घरी ही बाटली बाहेर निघालेली मी पाहिली. ऐंशीच्या घरातील आजोबा ओटीवर बसल्या बसल्या कलंडले. अंगाला दरदरून घाम सुटला होता. आजींनी लगबगीने बाटली आणून हुंगवली. आजोबा दचकले, डोळे उघडून सभोवार पाहू लागले. साऱ्यांचा जीव भांड्यात पडला. परंतु थोड्याच वेळात त्यांची मान पुन्हा खाली झुकू लागली. सुनेने प्रसंगावधान राखून घरातील यंत्रावर साखर तपासली; ती अवघी ५२ भरली. मधुमेहाची गोळी घेतली होती आणि न्याहारी मात्र राहून गेली होती. साखरपाणी दिल्यावर आजोबा खरोखर सावरले.

त्या दिवशी बाटलीने काय केले आणि काय केले नाही, हे आज समजून घेऊ.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. हे मीठ तापवले असता वितळत नाही; सुमारे ३४० अंश सेल्सिअसला ते थेट वायुरूप होते आणि थंड होताच पुन्हा पांढऱ्या कणांत जमते. कल्हईच्या वेळी तापलेल्या पितळी पातेल्यातून उठणारा दाट पांढरा धूर तो हाच. त्या उष्णतेत नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असे दोन भाग होतात. आम्ल धातूवरील गंज खाऊन टाकते आणि स्वच्छ झालेल्या पृष्ठभागावर कथील एकसारखे बसते. कल्हई अवश्य करून घ्यावी. परंतु दमेकरी व वृद्ध मंडळींना त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस, घरात बसवावे. तो धूर घसा व श्वासनलिका होरपळवतो.

कोरड्या नवसागराला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. चुना मिसळताच मात्र त्यातील अमोनिया मोकळा होतो. पाश्चात्त्य घरांत याच कामासाठी अमोनियम कार्बोनेट वापरीत. ते अधिक चंचल; साध्या हवेतच विघटित होऊन वास सोडते. बेकरीवाल्यांचा अमोनिया हा त्याचाच भाऊबंद, अमोनियम बायकार्बोनेट. बिस्किटाच्या पुडक्यावर ५०३ हा अंक दिसतो तो या क्षारांचा. भट्टीत त्याचा वायू होऊन निघून जातो आणि बिस्किटे खुसखुशीत होतात.

अमोनियाचा उग्र दर्प नाकातील मज्जातंतूंना झोंबतो, त्यासरशी माणूस जोराने श्वास घेतो आणि दचकून जागा होतो. एवढेच त्याचे सामर्थ्य. साखर उतरली आहे, रक्तदाब घसरला आहे, हृदयाची लय बिघडली आहे की मेंदूचा रक्तपुरवठा अडला आहे, हे ती बाटली सांगत नाही आणि यांपैकी काहीही बरे करीत नाही. उलट डोळे उघडल्याने घरचे निर्धास्त होतात आणि मोलाचा वेळ जातो. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका या दर्पाने आवळू शकते. पडताना मानेला मार बसला असेल, तर दचकून बसलेला हिसका घातक ठरू शकतो.

मग घेरी आल्यास काय करावे? व्यक्तीला उताणे निजवावे, पाय साधारण फूटभर उंच ठेवावेत, गळ्याशी व कमरेशी कपडे सैल करावेत, भोवतालची गर्दी हटवावी. पडून मार लागला असल्यास मात्र पाय किंवा मान हलवू नये. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. मधुमेह असल्यास साखर तपासावी. ती ७० पेक्षा कमी असून व्यक्ती शुद्धीवर असेल व नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. गोळीच्या प्रभावाने साखर पुन्हा उतरू शकते. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे, श्वास नीट नसणे किंवा मिनिटभरात शुद्ध न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ १०८ वर दूरध्वनी करावा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच उपयोगी पडते.

खोकल्याच्या अनेक पातळ औषधांतही अमोनियम क्लोराईड असते. ते कफ सुटा करण्यासाठी घालतात. यकृत वा मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना ते वर्ज्य आहे. त्याच औषधात पुष्कळदा डायफेनहायड्रामीन असते. त्याने वृद्धांना गुंगी येते, लघवी अडते, तोल जातो. म्हणून वेष्टन वाचून आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

घरात नवसागर ठेवायचाच असेल तर काचेच्या घट्ट बुचाच्या बाटलीत, नाव लिहून, कोरड्या जागी ठेवावा. कोकणच्या पावसाळी दमट हवेत त्याला पाणी सुटते. मीठ, तुरटी वा खडीसाखरेशेजारी तो नको, कारण अंधुक दृष्टीला फरक कळत नाही. विहिरीत घालायच्या ब्लीचिंग पावडरपासूनही तो दूर असावा; दोन्ही एकत्र आल्यास विषारी वायू निर्माण होतात. डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे.

मिरजोळ्याच्या त्या घरात नवसागर आता फक्त कल्हईच्या सामानात आहे. फडताळातील त्याच्या जागी साखर तपासण्याचे यंत्र, साखरेची डबी आणि मोठ्या अक्षरांत १०८ लिहिलेला कागद आहे. आजींनीच तो बदल केला. आपणही आज आपले फडताळ एकदा उघडून पाहावे.