घ्या कात्री, चला कर्दळीकडे!



दसरा झाला, सहामाही परीक्षा आटोपत आली. आता घरोघरी दिवाळीची साफसफाई सुरू होईल. माळ्यावरची जळमटं मोठी माणसं काढतील. परसातलं एक काम मात्र मी तुमच्यावर सोपवणार आहे. कर्दळीची छाटणी!

कर्दळ तुम्ही नक्की पाहिली आहे. जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरांच्या मागे, मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं, तिथे केळ, अळू नाहीतर कर्दळ हमखास असते. मोठी, रुंद पानं आणि वर लाल किंवा पिवळी फुलं. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. अशा वेळी भांडी घासलेल्या पाण्यावर ही शहाणी झाडं जगतात, आणि ते पाणी पिऊन अंगणातला चिखलही कमी करतात.

पण आता तिच्याकडे बघा बरं. पानं फाटलेली, कडा तपकिरी झालेल्या, दांड्यावर वाळकी फुलं लोंबताहेत. अशी कर्दळ बघून काही जण म्हणतात, "संपली ही, उपटून टाका." काही जण म्हणतात, "फुलझाडाला कात्री कशी लावायची? मरेल ना ते!" दोघांचंही चुकतं. कर्दळ संपलेली नसते आणि कात्रीने ती मरतही नाही. फक्त कुठे कापायचं, हे आपल्याला कळलं पाहिजे.

रावेर, यावल, चोपड्याच्या मुलांना यातलं अर्धं उत्तर ठाऊक आहे. केळीचं एक झाड किती वेळा घड देतं? एकदाच! घड उतरवला की त्या झाडाचं काम संपलं. पण तोवर शेजारी त्याचं पिल्लू वाढत असतं. पुढचा घड ते पिल्लू देतं. अशा पिल्लांवर घेतलेल्या बागेला आपले शेतकरी 'पिलबाग' म्हणतात.

कर्दळीचंही असंच आहे. तिचं खरं घर जमिनीखाली असतं. आलं किंवा हळद असते ना, तसा तिचा गड्डा असतो. त्याला डोळे असतात आणि एकेका डोळ्यातून एकेक खोड वर येतं. ते वाढतं, फुलतं आणि थांबतं. ते खोड पुन्हा फुलत नाही. पुढची फुलं नव्या कोंबांना येतात. म्हणून फुलून संपलेलं खोड कापायचं. म्हणजे नव्या कोंबांना जागा आणि ऊन मिळतं, आणि गड्ड्याची ताकद बिया पिकवण्यात जात नाही.

गंमत म्हणजे केळ, हळद, आलं आणि कर्दळ ही झाडं वनस्पतिशास्त्राने एकाच मोठ्या गणात घातली आहेत. आपल्या भाषेला हे नातं आधीच कळलं होतं की काय कोण जाणे! कारण 'कर्दळीवन' म्हणजे केळीचं वन.

आता काम कसं करायचं ते ऐका.

१) आधी नुसतं बघा. दांड्यावरची सगळी फुलं वाळली असली, तरी त्याच्या थोडं खाली, पानाच्या बगलेत हिरवी टोकदार कळी दिसते का? दिसली तर फक्त वरचा वाळका तुरा कापा. खालच्या कळीतून दुसरा तुरा येईल. घाई केलीत तर ही फुलं हुकतील!

२) खालीही नवी कळी नसेल, तर त्या खोडाचं काम झालं. जमिनीपासून चार बोटं ठेवून ते कापा. शेजारच्या कोंबांना धक्का लागू देऊ नका.

३) ज्या खोडाला अजून फूल आलेलं नाही, त्याला हात लावायचा नाही. त्याची हिरवी पानं म्हणजे झाडाचं चालू स्वयंपाकघर! फक्त पूर्ण वाळलेलं पान काढा.

४) एखाद्या झाडाच्या पानांवर पिवळे पट्टे, पिवळे ठिपके उमटून पानं वेडीवाकडी होत असतील, तर तो रोग असू शकतो. त्याला वापरलेली कात्री साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.

५) कापलेल्या खोडांचे तुकडे करून बुंध्याशी पसरा. ओल टिकते आणि पुढे त्याचंच खत होतं.

कापण्याआधी एक ताजं फूल मात्र हातात घ्या. ज्यांना आपण पाकळ्या समजतो, त्या रंगीत, मोठ्या पट्ट्या पाकळ्या नाहीतच! ते रूप बदललेले पुंकेसर आहेत. खऱ्या पाकळ्या तीन, अरुंद आणि लाजऱ्या. खाली शोधा, सापडतील.

एक काटेरी हिरवं बोंडही पिकू द्या. त्यात काळ्या, गोल, दगडासारख्या टणक बिया असतात. किती टणक? दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशात अक्रोडाच्या कवचाचा एक प्राचीन खुळखुळा सापडला. त्यात कर्दळीची बी होती, सुमारे ६०० वर्षांपूर्वीची. शास्त्रज्ञांनी ती रुजवली, आणि तिला कोंब फुटला! ही हकीकत १९६८ साली प्रसिद्ध झाली. कर्दळीचं मूळ घर अमेरिका खंडच. तिकडच्या अँडीज पर्वतात एका जातीच्या कर्दळीचे कंद भाजून, उकडून खातात. आपल्या अंगणातली कर्दळ मात्र खाऊन बघायची नाही हं!

आई-बाबांसाठी दोन शब्द : दाट कर्दळीत साप-विंचू आसरा घेतात. आधी काठीने हलवून बघा, मुलांच्या पायात चपला-बूट असू द्या आणि तुम्ही जवळ उभे राहा. मोरीचं पाणी साचू देऊ नका, डास होतात. विटांचे तुकडे आणि वाळू भरून शोषखड्डा केला तर उत्तम. फिनेल, ॲसिडचं पाणी झाडाकडे जाऊ नये. गर्दी फार झाली असेल, तर जूनमध्ये पावसाच्या तोंडावर गड्डे खणून वेगळे करा आणि एक-दोन डोळ्यांचा एकेक तुकडा हातभर अंतरावर लावा. उरलेले शेजाऱ्यांना द्या.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी सुट्टीतला उद्योग. कर्दळीचा ताटवा मोठा असेल तर अर्धा छाटा, अर्धा तसाच ठेवा. मधे सुतळी बांधा. दर रविवारी दोन्हीकडचे नवे कोंब मोजून वहीत लिहा. थंडीत कर्दळ जरा सुस्तावते, तेव्हा धीर धरा आणि होळीपर्यंत मोजत राहा. मग ज्यांना वाटतं की कात्रीने झाड मरतं, त्यांच्यासमोर ती वही उघडून ठेवा. बाईंनी सांगितलं म्हणून नव्हे, तुम्ही मोजलंत म्हणून ते ऐकतील.