गाडी लागते तसा पडदाही लागतो

वागळे इस्टेटमधील व्याधींचे स्वरूप गेल्या साठ वर्षांत पुष्कळ पालटले आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या अगदी आरंभीच्या औद्योगिक क्षेत्रांत या वसाहतीची गणना होऊ लागली. त्या काळातील रुग्ण हा यंत्रावर उभा राहणारा कामगार असे. कटिशूल, धुळीचा कास, तेलाने होणारे त्वग्विकार अशा त्याच्या तक्रारी असत. आज त्याच क्रमांकांच्या रस्त्यांवर अनेक जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत. आतला माणूस दिवसभर किंवा रात्रभर बसून असतो आणि हालचाल करतो ती त्याच्या समोरच्या पडद्यावरची दृश्ये. कामावरून सुटल्यावर कल्याण-डोंबिवलीच्या गाडीत बसायला जागा मिळाली की मोबाइलवरचा खेळ सुरू होतो. किसननगर, श्रीनगर, सावरकरनगर येथील शाळा-महाविद्यालयांतील मुलांचेही तेच आहे. या मंडळींपैकी काहींची एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो : "डॉक्टर, पित्त झालंय. मळमळतं, डोकं गरगरतं."

आमचे म्हणणे एवढेच की यांतील काही रुग्णांना पित्त झालेले नसते. त्यांना खेळ लागलेला असतो.

'गाडी लागणे' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत घरोघरी रूढ आहे. माळशेज घाटाच्या वळणांवर एस.टी.च्या मागच्या बाकावरील प्रवाशास मळमळते. चालकास सहसा काही होत नाही. तेथे शरीर हलते आणि डोळ्यांसमोरचे पुढचे बाक मात्र स्थिर असते. व्हिडिओ गेममध्ये नेमके उलट घडते. डोळे सांगतात की आपण धावत आहोत, वळत आहोत, उंचावरून उडी मारीत आहोत. अंतःकर्णातील तोलाची यंत्रणा व स्नायू सांगतात की आपण खुर्चीत बसलेलो आहोत. या दोन साक्षींतील विसंवादातून हृल्लास, स्वेद, लालास्राव, शिरःशूल व भ्रम उत्पन्न होतात, अशी उपपत्ती रीझन आणि ब्रँड या संशोधकांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली. शरीराचा तोल राखण्यातील अडचण हे मूळ कारण मानणारा दुसरा पक्षही आहे. तथापि त्रास खरा आहे, याविषयी दोन्ही पक्षांत दुमत नाही.

हा विकार व्हिडिओ गेमच्याही आधीचा आहे. १९५७ साली अमेरिकेत हेलिकॉप्टर-चालनाच्या कृत्रिम प्रशिक्षणयंत्राचा अभ्यास झाला. जमिनीवर स्थिर असलेल्या त्या यंत्रात बसणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना मळमळ व भोवळ जाणवल्याची नोंद तेव्हा झाली. विशेष म्हणजे नवशिक्यांपेक्षा अनुभवी प्रशिक्षकांना अधिक त्रास झाला, कारण खऱ्या उड्डाणात शरीरास काय जाणवते हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. यास्तव 'मनाचा कमकुवतपणा' किंवा 'मुलांचे नखरे' म्हणून ही तक्रार उडवून लावणे शास्त्रीय नव्हे.

संहितांच्या दृष्टीने

आपल्या आचार्यांना हे खेळ ठाऊक होते, असा हास्यास्पद दावा आम्ही करणार नाही. परंतु या विकाराकडे पाहण्याची दृष्टी त्यांनी दिलेली आहे, हे मात्र आग्रहाने सांगू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात असात्म्येन्द्रियार्थसंयोग हे रोगाचे एक मूलभूत कारण सांगितले. चक्षुरिंद्रियाच्या मिथ्यायोगात त्यांनी अति जवळचे, अति दूरचे, रौद्र, भयंकर, अद्भुत व बीभत्स रूप पाहणे यांचा समावेश केला. हातभर अंतरावरील पडद्यात तासन्‌तास चाललेला युद्धाचा खेळ आठवावा. या यादीतील किती पदे त्यास लागू पडतात, हे वाचकांनीच ठरवावे.

चिकित्सास्थानातील छर्दीच्या पाच प्रकारांत दोषज प्रकारांखेरीज द्विष्टार्थसंयोगज छर्दी स्वतंत्र सांगितली आहे. केवळ आमाशयातील अन्नामुळेच उलटी होते असे नव्हे, तर इंद्रिये व मन यांना प्रतिकूल असा विषय मिळाल्यानेही ती होते, हे त्यातून स्पष्ट होते. भ्रमाची गणना तर वाताच्या नानात्मज विकारांत आहे, आणि त्याच्या संप्राप्तीत रज, पित्त व वात यांचा संबंध मानला आहे. म्हणून येथे पित्त अजिबात नाही असे आम्ही म्हणत नाही. या अवस्थेस अम्लपित्त म्हणणे मात्र चूक होय.

अम्लपित्तात अविपाक, तिक्त-अम्ल उद्गार, हृत्कंठदाह असतो आणि लक्षणांचा संबंध आहाराशी व काळाशी लागतो. येथे तो दर्शनाशी लागतो. अलीकडे आमच्याकडे आलेला अठरा वर्षांचा एक विद्यार्थी तीन महिने दुकानातून आणलेल्या 'पित्ताच्या गोळ्या' घेत होता. दाह नाही, आंबट ढेकर नाही, भूक चांगली. आणि मळमळ केवळ शनिवार-रविवारी सायंकाळी. या दोन दिवशी तो मित्राच्या घरी मोठ्या दूरदर्शन संचासमोर अगदी जवळ बसून बंदुकीचा खेळ खेळत असे. गोळ्या बंद केल्या, बसण्याचे अंतर वाढविले, खेळाची वेळ कमी केली; तीन आठवड्यांत तक्रार उरली नाही. चिकित्सेत निदानपरिवर्जनास आपण प्रथम स्थान देतो, ते याचसाठी.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती

या लेखाचे खरे कारण येथे आहे. 'पित्तावर काहीतरी द्या' असे ग्राहकाने म्हणताच पुष्कळ दुकानांतून सूतशेखराची डबी पुढे केली जाते. लघुसूतशेखर हा गैरिक व शुंठीचा सौम्य कल्प आहे, त्याची गोष्ट निराळी. परंतु सूतशेखर रसात पारद, वत्सनाभ व धत्तूरबीज ही द्रव्ये आहेत. ती शोधित असली तरी औषधनियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये त्यांचा समावेश आहे, आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना अशा औषधाच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस आपल्या देशात स्वतंत्र परवाना लागत नाही. कायद्याने दिलेली ही मोकळीक विक्रेत्याच्या विवेकावर टाकलेला भार आहे. सोळा वर्षांच्या मुलास खेळामुळे होणाऱ्या मळमळीसाठी रसकल्प महिनोन्‌महिने विकणे हे त्या विवेकात बसते काय?

येथे कोणी म्हणेल, 'पण गुण येतो!' येतही असेल. धोतऱ्यात हायोसिन हे द्रव्य असते आणि तेच आधुनिक वैद्यकात गाडी लागू नये म्हणून वापरतात. परंतु लक्षण दबले म्हणजे निदान बरोबर होते असे सिद्ध होत नाही; उलट रुग्ण अधिक वेळ खेळत बसतो. सुंठीविषयीही अतिशयोक्ती टाळावी. १९८२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकातील एका प्रयोगात फिरत्या खुर्चीवर सुंठचूर्णाचा चांगला उपयोग दिसला; १९९१ च्या दुसऱ्या एका प्रयोगात तसा उपयोग आढळला नाही. आलेपाक किंवा सुंठ-साखर सुचविण्यास हरकत नाही. 'खात्रीचा उपाय' म्हणून ती विकू नये.

पथ्य व पृच्छा

मळमळ किंवा भोवळ घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णास आहार-विहाराच्या प्रश्नांबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. त्रास सुरू होण्याच्या आधीच्या तासात डोळ्यांसमोर काय होते? तेव्हा आपण गाडीत होता काय? पडदा बाजूला ठेवल्यावर किती वेळाने बरे वाटते? प्रश्न विचारताना आवाजात दटावणी नसावी. पालक शेजारी बसलेले असतात. बोलणी खाण्याच्या भीतीने मुले खरे सांगत नाहीत आणि मग आपण पुन्हा पित्ताकडेच वळतो.

पथ्य सोपे आहे. जांभया, लालास्राव, घाम ही पहिली चिन्हे दिसताच खेळ थांबवावा आणि दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहावे. खोलीत उजेड व वारा असावा. पडद्यापासून अंतर वाढवावे. संगणकावरील अनेक खेळांत दृश्याचे हिंदकळणे व धूसरपणा बंद करण्याची, तसेच दृश्याचा कोन रुंदावण्याची सोय असते, ती वापरावी. धावत्या लोकलमध्ये किंवा रिक्षात खेळू नये, कारण तेथे गाडीचे हलणे आणि खेळातले हलणे यांचा मेळ बसत नाही. सवय करावयाचीच असल्यास पादांशिक क्रमाने, थोड्या वेळाने व मध्ये अंतर ठेवून करावी; मळमळ सोसत रेटून खेळल्याने सात्म्य होत नाही. डोक्यावर चढवावयाच्या हेडसेटचा खेळ खेळल्यावर तोलाची गडबड काही काळ टिकू शकते. कृत्रिम प्रशिक्षणानंतर वैमानिकांना लगेच उड्डाण करू न देण्याची पद्धत याच कारणासाठी पडली. तेव्हा असा खेळ आटोपून लगेच दुचाकीवरून तीन हात नाक्याच्या रहदारीत शिरू नये, हे तरुणांना स्पष्ट सांगावे.

त्याचबरोबर सर्वच गोष्टींचे खापर खेळावर फोडू नये. अर्धशिशीच्या रुग्णांना हा त्रास अधिक होतो, म्हणून त्याची चौकशी करावी. पडद्यापासून दूर असतानाही भोवळ येत असेल, पहाटे डोकेदुखीसह उलटी होत असेल, दोन-दोन दिसत असेल, चाल अडखळत असेल, ऐकू कमी येत असेल, किंवा डोक्यास मार लागल्याचा इतिहास असेल, तर विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवावे.

आपल्या सदस्यांनी पुढील तीन महिने अशा रुग्णांची साधी नोंद ठेवावी : वय, खेळाचा प्रकार, पडद्याचे अंतर, त्रासाचा काळ, आधी घेतलेली औषधे, आणि निदानपरिवर्जनाने पडलेला फरक. नावाची आवश्यकता नाही. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण येथून अशा नोंदी एकत्र आल्या तर आपल्या पेठेत किती मळमळ पित्ताची आणि किती पडद्याची, हे आपणांस अंदाजाने नव्हे तर आकड्यांनी सांगता येईल. तोवर एवढे करूया : सूतशेखराची डबी हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारूया.