दोन दिवसांत सोनार होत नाही. पण मग शिकायचं कुठं?

"दोन दिवसांत चांदीची अंगठी स्वतः बनवा. साहित्य आमचं. सर्टिफिकेट मिळेल." अशा जाहिराती सध्या मोबाईलवर फिरत असतात आणि खाली "फी किती?" विचारणाऱ्यांची रांग लागलेली असते. विचारणारे कोण असतात? डिग्री हातात असून काम शोधणारी पोरं, घर सांभाळून स्वतःचं काहीतरी करू बघणाऱ्या ताई, रिटायर झालेले काका. हातानं काहीतरी घडवायची ही भूक खरी आहे, आणि मला तिचं कौतुकच आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. संभाजीनगरात शिकायला तयार माणसं आहेत. शहागंज-सिटी चौकाकडच्या सराफ्यात आयुष्यभर भट्टीपुढं बसलेले कारागीर आहेत. या दोघांची गाठ पडेल अशी, कुणालाही फी भरून आत येता येईल अशी सार्वजनिक जागा मात्र कुठल्या योजनेत, कुठल्या जाहीरनाम्यात मला दिसत नाही. म्हणून ती भूक दोन दिवसांच्या वर्कशॉपवर भागवावी लागते.

आधी एक घोळ मिटवू. बाजारातून तयार मणी, हुक, साखळ्या आणून त्यांची माळ ओवणं हेसुद्धा कौशल्याचं काम आहे. बचत गटांतल्या कितीतरी बायका त्यावर चार पैसे कमावतात, त्याला कमी लेखू नका. पण ते जोडकाम झालं. धातू घडवणं ही वेगळी विद्या आहे.

साधी तार घ्या. जंतरीच्या भोकातून ती ओढत नेली की बारीक होते, पण तशीच कडकही होत जाते. आणखी ओढली तर तुटते. मग तिला ताव देऊन पुन्हा मऊ करायचं. किती तापवायचं? मंद उजेडात फिकट लाल दिसेपर्यंत. हे "फिकट लाल" कुठल्याही व्हिडिओत नीट दिसत नाही, ते शेजारी बसलेल्या माणसानं "बस, आता काढ" म्हणून दाखवावं लागतं. झाळकामाचंही तसंच. सांध्याला टाकणखार लावायचा, झाळीचा बारीक तुकडा ठेवायचा आणि आच फिरवायची. शुद्ध चांदी 962 अंशांच्या आसपास वितळते, 92.5 टक्क्यांची त्याआधीच मऊ पडायला लागते, आणि झाळ त्याच्याही आधी वाहायला हवी. या दोन्हींमध्ये जी थोडी जागा उरते तेवढ्यात सांधा बसवायचा. चार सेकंद जास्त झाले की अंगठीचा गोळा. असे तांब्या-पितळेचे पन्नास तुकडे वाया घालवल्याशिवाय हात बसत नाही. दोन दिवसांत पन्नास तुकडे कोण वाया घालवू देणार?

धातूचं काम शिकायला वेळ लागतो, हे आपल्या शहराला नव्यानं सांगायची गरज नाही. आयटीआयचा फिटर दोन वर्षं शिकतो, सुरुवातीला नुसती कानस चालवतो, आणि कुणी म्हणत नाही की वेळ फुकट गेला. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथं डाय-मोल्डचं काम शिकलेली मुलं वाळूजपासून परदेशापर्यंत पोचली आहेत. गाडीच्या पार्टसाठी आपण शिस्तीनं माणूस घडवतो. मग गळ्यात घालायच्या दागिन्यासाठी शनिवार-रविवार पुरेल असं का वाटतं?

पूर्वी हे शिकणं घरात नाहीतर पेढीच्या माडीवर व्हायचं. पोरगं आधी झाडलोट करायचं, भाता मारायचं. तिथला केरसुद्धा फेकत नसत. झारेकरी तो धुऊन त्यातले सोन्याचे कण काढायचा. वर्षभरानं हातात कानस, नंतर कधीतरी बंकनळी. या पद्धतीचे गोडवे गाण्यात मला रस नाही. ती जातीच्या दाराआड बंद होती. घरच्या लेकीसुद्धा भट्टीपुढं क्वचितच बसल्या. आणि शिकाऊ पोराला वर्षानुवर्षं पगाराच्या नावानं शून्य. ते दार आज उघडतंय ते बरंच झालं. फक्त दार उघडताना आतली विद्या बाहेर सांडून जाऊ नये.

ती सांडायला लागूनही बरीच वर्षं झाली. 1963 च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी 14 कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी आली आणि देशभर कारागिरांच्या भट्ट्या थंडावल्या. पुढं 1968 चा कायदा आला, तो 1990 मध्ये रद्द झाला. मधल्या सत्तावीस वर्षांत कितीतरी बापांनी पोरांना सांगितलं असेल, बाबा रे, नोकरी बघ. त्यानंतर मशीनचे साचे आले, कास्टिंग आलं. आज राज्यातल्या सराफ्यांमध्ये बारीक कामाला बंगालकडचे कारागीर दिसतात. उत्तम हात आहेत त्यांचे. पण 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ते गावी गेले तेव्हा घडणावळीची किती कामं अडली, हे ज्यांच्या घरी लग्न होतं त्यांना विचारा.

त्यात 2025 मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या पुढं गेलं. आता नवशिक्याच्या हातात सोनं कोण देईल? मालकालाही दोष देता येत नाही. एक चूक आणि महिन्याची कमाई गेली.

मग सरकार काय करतं? 17 सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो. 2023 मध्ये त्याच दिवशी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांत सोनारकाम आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, पुढं पंधरा दिवसांचं, रोज 500 रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी 15,000 रुपये, शिवाय 5 टक्के व्याजानं कर्ज. योजना चांगली आहे. पण ती जो आधीच त्या परंपरागत धंद्यात आहे त्याच्यासाठी आहे. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी ऐरण पाहिली नाही त्या मुलीला त्यात जागा नाही. शिकाऊ उमेदवारीचा कायदा म्हणाल, तर तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेवर तो बंधनकारक आहे आणि चारपेक्षा कमी माणसं असतील तर लागूच होत नाही. दोन माणसांची सोनाराची खोली त्यात बसतच नाही. नवशिक्या दोन्हीकडून बाहेर.

म्हणून मागणी सरळ आहे. गोल्डस्मिथ हा ट्रेड आयटीआयच्या राष्ट्रीय यादीत आहेच. आपल्याकडच्या एखाद्या शासकीय संस्थेत, संध्याकाळी, सर्वांसाठी खुली अशी सहा महिन्यांची बॅच सुरू करा. दहा बाकं, दहा बर्नर, धूर ओढणारा पंखा, एक जंतरी, एक रोलिंग मशीन. आठवड्याला दोन संध्याकाळ, दोन-दोन तास धरले तरी सहा महिन्यांत शंभर तास होतात. पहिले दोन महिने फक्त तांबं-पितळ. आणि शिकवायला सराफ्यातले कारागीर, मानधन देऊन. त्यांच्याकडं डिग्री नाही म्हणून त्यांना दारात अडवू नका. सोनारानंच कान टोचलेले बरे, ही म्हण आपलीच आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धातुकामाचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडंही शासकीय कला महाविद्यालय आहे, तिथली डिझाइन शिकणारी मुलं आणि हे कारागीर एका बाकावर बसले तर काय होईल, जरा कल्पना करा. बिदरीचं काम आपल्या शहरातही होत आलंय. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदीची तार ठोकून बसवायची ही कला आता पदकं आणि कानातल्यांतही दिसते. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या पाहुण्याच्या हातात इथंच घडलेला एखादा छोटा डाग का नसावा?

तोपर्यंत ज्यांना क्लास लावायचाच आहे त्यांनी जरूर लावा, पण फी भरण्याआधी हे विचारून घ्या.

झाळकाम मी स्वतः करणार का, की तुम्ही करून देणार आणि मी फोटो काढणार?
एका बाकावर किती जण?
खोलीत हवा खेळती आहे का? धूर कुठं जातो?
झाळ कॅडमियमची तर नाही ना? "केडीएम"चा दागिना म्हणजे एकदम शुद्ध, असं आपल्याकडं अजून लोक समजतात. ते नाव कॅडमियमवरूनच आलंय, आणि त्याचा धूर फुफ्फुसाला घातक असतो. दागिना घालणाऱ्यापेक्षा जास्त धोका झाळणाऱ्याला.
तेजाब कसं हाताळायचं ते शिकवणार का? ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात कधीच नाही. पहिल्या दिवशी हे सांगत नसतील तर उठून या.
उरलेला चुरा आणि तुकडे कुणाचे? चांदीचे पैसे तुमच्याकडून घेतले असतील तर ते वजन करून परत मिळाले पाहिजेत.

आणि एक कडू गोष्ट. "शिका आणि महिन्याला अमुक हजार कमवा" असं कुणी म्हणत असेल तर सावध राहा. सहा महिन्यांनंतरही तुम्ही शिकाऊच असाल. पण शिकाऊ असण्यात लाज नाही. झाळलेला सांधा न तुटता राहिला, कड हाताला बोचली नाही, चांदी जितकी सांगितली तितकीच निघाली, एवढं जमलं तरी गिऱ्हाईक परत येतं.

फिटर घडवायला दोन वर्षं देणारं हे शहर सोनारासाठी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी देऊ शकत नाही, हे मला पटत नाही. आपले नगरसेवक, आमदार, आयटीआयचे प्राचार्य, सराफा असोसिएशनची मंडळी यांतलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा. सराफ्यातले जुने कारागीर तुमच्या माहितीत असतील तर त्यांना एकदा विचारून बघा, शिकवाल का म्हणून. आणि तुम्हाला स्वतःला शिकायचं असेल तर खाली लिहा. किती जण आहोत ते तरी कळू दे. आकडा हातात असला की मागणी करायला तोंड राहतं.