'पोहता येतं?' खरं उत्तर द्या!

गोव्याचा प्लॅन तुमच्याही ग्रुपवर दर सेमिस्टरनंतर शिजत असेल आणि तिथेच मरत असेल. आमचा डिसेंबरमध्ये चुकून पार पडला. बाकीच्यांनी स्कूटर घेतल्या आणि किल्ले बघायला गेले. मी मात्र ट्यूशन घेऊन साठवलेले पैसे खिशात घालून आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला गेलो. तेही प्रायव्हेट लेसन. एक शिकवणारा, एक शिकणारा. मित्रांनी मनसोक्त टिंगल केली. "कर्जतचा पोरगा, समुद्र बघितला की फोटो काढतो आणि म्हणे सर्फिंग!"

प्रायव्हेट का, तर लाज. दहा जणांसमोर दहा वेळा पडायची हिंमत नव्हती. एका अनोळखी माणसासमोर पडायला काही वाटत नाही.

शिकवणारा माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठा. त्याने बोर्डला हातसुद्धा लावू दिला नाही. आधी विचारलं, "पोहता येतं?"

"हो," मी म्हणालो. नदीकाठच्या गावात वाढलेला मुलगा दुसरं काय म्हणणार?

"किती?"

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी गप्प. तो कमरेएवढ्या पाण्यात घेऊन गेला आणि म्हणाला, "उताणा पड. एक मिनिट तरंगून दाखव." दहा सेकंदांत माझे पाय खाली गेले, नाकात पाणी गेलं आणि मी त्याचा दंड पकडून उभा राहिलो. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "मग आपण इथून सुरू करू."

दीड तासाच्या लेसनमधली पहिली वीस मिनिटं मी बोर्डशिवाय घालवली. मान मागे, छाती वर, श्वास भरलेला, पाय सैल. मग वाळूवर बोर्ड ठेवून पालथं झोपायचं, हातांवर जोर द्यायचा, एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणून उभं राहायचं. असं तीस वेळा. पडताना डोक्यावर नाही, आडवं पडायचं आणि वर येताना हात डोक्यावर धरायचे, कारण आपलाच बोर्ड आपल्याला लागतो. घोट्याला दोरी बांधायची, म्हणजे बोर्ड लांब जात नाही. मग पाणी. फुटून पांढऱ्या झालेल्या लाटांमध्येच, जिथे पाय टेकतात तिथेच. मी दोनदा उभा राहिलो, दोन्ही वेळचे मिळून चार सेकंद असतील. त्या चार सेकंदांचा व्हिडिओ माझ्या स्टेटसला होता, तुम्ही बघितलाही असेल. आधीच्या वीस मिनिटांचा व्हिडिओ कुणी काढला नाही. हा लेख मात्र त्या वीस मिनिटांबद्दल आहे.

जे कुणाला सांगितलं नाही

दोन वर्षांपूर्वी, जुलैमध्ये, आम्ही चौघे गावाजवळच्या बंधाऱ्यावर गेलो होतो. पाऊस थांबला होता, पाणी गुडघ्याच्या थोडं वर. मी दोन पावलं पुढे गेलो, शेवाळावरून पाय सरकला आणि नदीने मला उचललं. वीस-पंचवीस फूट गेलो असेन. काठावरच्या एका झाडाची मुळी हाताला लागली, म्हणून हा लेख लिहितोय. घरी सांगितलं नाही. मित्रांनी तेव्हा काय केलं? एक जण माझ्यामागे उडी मारायला निघाला होता. त्यालाही माझ्याएवढंच पोहता येत होतं.

आश्व्याच्या पाण्यात पाय खाली गेले तेव्हा मला ती मुळी आठवली. कळलं की मला पोहता येत नाही, कधीच येत नव्हतं. मला फक्त पाण्याची भीती वाटत नव्हती. या दोन गोष्टी एकच आहेत असं आपण कर्जत-खालापूरची मुलं समजतो.

आपला भाग बघा. उल्हास, पेज, चिल्लार, पाताळगंगा. भिवपुरी रोडला उतरलं की आषाण्याचा धबधबा, खोपोलीला झेनिथ, इकडे सोलनपाडा, तिकडे पाली-भूतिवली. पावसाळ्यात रविवारच्या कर्जत लोकलमधून अख्खी मुंबई उतरते, स्टेशनवर वडापाव खाते आणि पाण्याकडे निघते. दरवर्षी बुडण्याच्या बातम्या येतात. दरवर्षी धबधब्यांवर आणि धरणांवर बंदीचे आदेश निघतात. आधी ते कलम १४४ खाली निघायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. कलमाचा नंबर बदलला, बातमी बदलली नाही.

बंदी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. भर पावसात धबधब्याखाली उभं राहणं मूर्खपणाच आहे. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. बंधाऱ्याखाली पाणी गोल फिरतं आणि माणसाला बाहेर सोडत नाही. फेसाळलेल्या पाण्यात हवा इतकी असते की चांगला पोहणाराही नीट तरंगत नाही. पण बंदी चार महिन्यांची असते आणि नदी बारा महिन्यांची. आपल्या नद्यांची तर आणखी एक गंमत आहे. खोपोलीचं टाटांचं वीजगृह १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटावरच्या धरणांचं पाणी वीज तयार करून खाली पाताळगंगेत आणि पेजेत येतं. म्हणून या नद्या उन्हाळ्यातही वाहतात. आणि म्हणूनच आभाळात एक ढग नसतानाही पाणी चढतं. ही गोष्ट नदीकाठच्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. शनिवारी आलेल्या पाहुण्याला माहीत नाही आणि खरं सांगा, तुम्हाला तरी माहीत होती का?

तेच पाणी, कोलाडमध्ये

आता याच जिल्ह्यात थोडं दक्षिणेला चला. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत उतरतं. वीजनिर्मितीसाठी सोडलेलं, रोज वाढणारं आणि उतरणारं पाणी. त्याच पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं. पाणी सुटायच्या वेळेप्रमाणे बोटी निघतात. डोक्यावर हेल्मेट, अंगात जॅकेट, प्रत्येक बोटीत गाइड. निघण्याआधी तो सांगतो: पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला ठेवा, बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडात अडकतो.

हे मला त्या जुलैत माहीत असतं तर? मी उभंच राहायचा प्रयत्न करत होतो.

म्हणजे पाणी तेच, जिल्हा तोच. एका ठिकाणी ते तिकीट काढून अनुभवायचा खेळ आहे, दुसऱ्या ठिकाणी पंचनामा. मध्ये फरक आहे तो फक्त शिकवणाऱ्या माणसाचा.

तुम्ही म्हणाल, गावच्या पोरांना शिकवायला लागत नाही, ढकलून दिलं की येतं. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. पण आजोबांना विचारलं तेव्हा वेगळंच निघालं. त्यांना विहिरीत ढकललं होतं हे खरं, पण पाठीला रिकामा डबा बांधून. कमरेला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक काठावर त्यांच्या काकांच्या हातात. एक मुलगा, एक काका, एक दोर, महिनाभर रोज. याला प्रायव्हेट लेसन नाही तर काय म्हणायचं? विहिरी गेल्या, काका नोकरीला गेले, डबा भंगारात गेला. फक्त 'ढकलून दिलं की येतं' एवढं वाक्य आपल्याकडे उरलं.

दुसरा मुद्दा पैशांचा, आणि तो खरा आहे. मी गोव्यात जे पैसे उडवले ते सगळ्यांकडे नसतात. पण आपल्या आजूबाजूला पाण्याची कमतरता आहे का? कर्जत आणि खालापूरमध्ये जिथे बघाल तिथे फार्महाउस आणि रिसॉर्ट. बहुतेकांना पूल. शनिवार-रविवारी त्यात पाय ठेवायला जागा नसते. मंगळवारी सकाळी तोच पूल निळाशार आणि रिकामा असतो. त्यात जाळी फिरवून पानं काढणारा मुलगा आपल्याच गावातला, कदाचित आपल्याच कॉलेजातला. रोज पूल साफ करणाऱ्या या मुलांपैकी किती जण त्यात कधी उतरले असतील? मला वाटतं, आपल्या तालुक्यांबद्दलचा सगळ्यात टोचणारा प्रश्न हा आहे. पाणी आपलं, पूल आपल्या जमिनीवर, साफ आपण करायचा आणि पोहायला मात्र दुसऱ्याने यायचं.

कॉलेजांनी, ग्रामपंचायतींनी आणि या रिसॉर्टवाल्यांनी एकत्र बसून आठवड्यातल्या दोन सकाळी ठरवल्या तर कुणाचं काय जाणार आहे? एनएसएसचं शिबिर आपण दरवर्षी घेतो, झाडं लावतो, भिंती रंगवतो. एक वर्ष पोहण्याचं घेऊ या. ऑलिम्पिकचं पोहणं नको. बांगलादेशात लाखो मुलांना 'स्विमसेफ' नावाच्या कार्यक्रमातून जगण्यापुरतं पोहणं शिकवलं गेलं. तिथे ध्येय साधं होतं: पंचवीस मीटर पोहता आलं पाहिजे आणि तीस सेकंद तरंगता आलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनाही शाळकरी मुलांना असंच मूलभूत पोहणं शिकवायला सांगते. संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख लोक बुडून गेले. संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवलाय. आपल्याकडे धबधब्यांची गर्दी ऐन भरात असते ती नेमकी त्याच दिवसांत.

शिकणारा उद्या शिकवणारा

यात करिअरही आहे, हे वाचून भुवया उंचावू नका. भारतात सर्फिंग रुजलं ते कर्नाटकातल्या मुल्कीला आणि तमिळनाडूतल्या मासेमारीच्या गावांमध्ये. चेन्नईजवळच्या कोवलममध्ये मूर्ती मेगावन या मच्छीमार तरुणाने गावातल्या मुलांना बोर्डवर उभं केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने त्या सर्फिंग स्पर्धेतलं भारताचं पहिलं वैयक्तिक पदक मिळवलं. तारकर्लीला स्कूबाच्या बोटींवर मालवणची मुलं आहेत. पाण्याजवळ राहणाऱ्याला पाण्यातलं ज्ञान मिळालं की तो पाण्यावर उभा राहतो. आपल्या वाड्यावस्त्यांवरचे कातकरी आणि ठाकर तरुण नदीचा प्रत्येक डोह ओळखतात. कुणी वाहून गेलं की आपण त्यांनाच शोधायला बोलावतो. बुडाल्यावर बोलावतो, बुडू नये म्हणून का नाही? त्यांना जीवरक्षकाचं रीतसर प्रशिक्षण, जॅकेट, दोर आणि पगार मिळाला तर बंदीच्या फलकापेक्षा जास्त जीव वाचतील.

तोपर्यंत तुमच्या हातात काय आहे? तीन गोष्टी.

एक, 'पोहता येतं?' या प्रश्नाचं खरं उत्तर द्या. एक मिनिट उताणं तरंगता येत नसेल तर उत्तर 'नाही' असं आहे. दोन, शिकवणारा शोधा आणि त्याच्यासमोर नवखं व्हायला लाजू नका. मुलींनो, तुम्हाला तर 'लोक काय म्हणतील'चा जास्तीचा बंधारा ओलांडावा लागतो हे मला माहीत आहे. दोघी-तिघी मिळून एकाच बाईंकडे वेळ मागा, पण मागा. तीन, मित्र वाहताना दिसला तर मागे उडी मारू नका. काठी पुढे करा, दोर फेका, बांधलेल्या ओढण्या फेका, रिकामा कॅन फेका, ओरडून माणसं गोळा करा. उडी मारणारा हिरो बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच्या बातमीतला दुसरा फोटो असतो.

मी गोव्याहून आल्यापासून आठवड्यातून दोन सकाळी एका ओळखीच्या फार्महाउसच्या पुलात शिकतोय. शिकवणारे काका निवृत्त आहेत, आवाज मोठा आहे आणि ते फोटो काढू देत नाहीत. आता मी तीन मिनिटं तरंगतो. त्या दिवशी माझ्यामागे उडी मारायला निघालेला मित्र गेल्या आठवड्यापासून माझ्यासोबत येतोय. पहिल्याच दिवशी काकांनी त्याला विचारलं, "पोहता येतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही."