नऊ वर्षांची चढण, दोन वेळां

खेळाडूंचा एखादा संघ म्हणजे नेमकें काय? खेळाडू म्हणावे, तर दहा-बारा वर्षांत ते सारे बदलतात. क्रीडांगण म्हणावें, तर तें विकलें जातें. मालक म्हणावा, तर तो आज एक आणि उद्यां दुसरा. मग उरतें तें काय? हा प्रश्न वरवर पाहतां तर्कशास्त्राच्या वर्गांतला वाटेल. परंतु लंडनच्या नैर्ऋत्य भागांतील विंबल्डन या उपनगराच्या रहिवाशांना तो २००२ सालीं प्रत्यक्ष सोडवावा लागला. टेनिसमुळें हें नांव आपल्या घरोघर ठाऊक आहे. तेथील फुटबॉल-संघाची हकीकत मात्र तितकीशी परिचित नाहीं. ती या वेळीं वाचकांस सांगावयाची आहे.

इंग्लंडांतील फुटबॉलची रचना पायऱ्यापायऱ्यांची आहे. दर वर्षीं प्रत्येक श्रेणींतील वरचे कांहीं संघ एक पायरी चढतात व तळचे कांहीं खालीं उतरतात. त्यामुळें लहानशा गांवच्या संघालाहि, अंगीं कर्तबगारी असल्यास, शिखराची वाट मोकळी असते. १९८७ पूर्वीं मात्र वरच्या चार श्रेणींत बाहेरच्या संघास केवळ गुणांवर शिरतां येत नसे. आंतील संघांनीं अनुकूल मतें द्यावीं, तेव्हां कोठें दार उघडे.

विंबल्डनचा संघ १८८९ सालीं एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनीं काढला. गांवच्या माळावर खेळावें आणि जवळच्या खाणावळींत कपडे बदलावे, असा त्यांचा साधा प्रपंच होता. १९१२ पासून प्लाऊ लेन हें त्यांचें घर झालें. १९६३ सालीं हौशी संघांच्या चषकाच्या अंतिम सामन्यांत त्यांनीं सटन युनायटेडचा ४-२ असा पाडाव केला. ते चारहि गोल एडी रेनॉल्ड्स यानें डोक्यानें मारले. १९७५ सालीं त्यांनीं पहिल्या श्रेणींतील बर्नली संघास त्याच्याच क्रीडांगणावर हरविलें, आणि पुढच्या फेरींत विजेत्या लीड्सशीं बरोबरी केली. त्या सामन्यांत पीटर लॉरिमर याची पेनल्टी विंबल्डनच्या गोलरक्षकानें अडविली. फेरसामना एका गोलानें गेला. परंतु त्या दिवसापासून संघाचें नांव देशभर झालें.

१९७७ सालीं त्यांना चौथ्या श्रेणींत प्रवेश मिळाला आणि १९८६ सालीं, म्हणजे अवघ्या नऊ वर्षांत, ते पहिल्या श्रेणींत जाऊन बसले. त्यांचा खेळ रांगडा, उंच व लांब टोल्यांचा असे. जाणकारांस तो रुचत नसे. तरीहि १४ मे १९८८ रोजीं वेंब्लीवर त्यांनीं त्या वर्षींच्या विजेत्या लिव्हरपूलला लॉरी सांचेझच्या एकाच गोलानें हरवून एफ. ए. चषक जिंकला. जॉन ऑल्ड्रिज याची पेनल्टी डेव्ह बीसंट यानें अडविली. वेंब्लीवरील चषकाच्या अंतिम सामन्यांत असें प्रथमच घडलें.

येथवरची कथा उत्कर्षाची. परंतु उत्कर्षाबरोबर खर्च वाढतो, आणि जुनें घर अपुरें पडूं लागतें. १९८९ च्या हिल्सबरो येथील भीषण दुर्घटनेनंतर मोठ्या संघांच्या क्रीडांगणांवर सर्व प्रेक्षकांस बसण्याची सोय असणें सक्तीचें झालें. प्लाऊ लेन त्या कसोटीस उतरण्यासारखें नव्हतें. १९९१ सालीं संघ तेथून निघाला व क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कमध्यें भाडेकरू होऊन राहिला. २००० सालीं त्याची अत्युच्च श्रेणी सुटली. पुढच्याच वर्षीं चालकांनीं जाहीर केलें कीं, संघ सुमारें ५५ मैलांवरील मिल्टन कीन्स या नव्या शहरीं न्यावयाचा. २८ मे २००२ रोजीं तिघांच्या आयोगानें दोन विरुद्ध एक मतानें त्यास संमति दिली. विंबल्डनमध्यें नवा संघ काढणें फुटबॉलच्या व्यापक हिताचें नाहीं, असेंहि अहवालांत नमूद होतें.

ज्यांच्या हिताची ही चिंता नव्हती, त्या चाहत्यांनीं थोड्याच आठवड्यांत नवा संघ उभा केला. जूनच्या अखेरीस गांवच्या त्याच माळावर निवडीसाठीं खेळाडू बोलाविले, तों दोनशेंहून अधिक जण आले. १० जुलैला पहिला सामना झाला तो जुन्या प्रतिस्पर्ध्याशीं, सटन युनायटेडशींच. नवा संघ ०-४ असा हरला. पण प्रेक्षक ४,६५७ होते. पुढें सर्वांत वरून नवव्या पायरीवर त्यांना जागा मिळाली. त्या सामान्य श्रेणींतहि त्यांच्या घरच्या सामन्यांस सरासरी तीन हजारांवर लोक येत. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळांत लीगचे ७८ सामने ते एकदांहि हरले नाहींत. २०११ च्या मे महिन्यांत लूटनशीं गोलांवांचून बरोबरी झाल्यावर पेनल्टीवर ४-३ असा विजय मिळाला. दोन टोले सेब ब्राऊन या गोलरक्षकानें अडविले. नवव्या पायरीवरून चौथ्या श्रेणींत येण्यास लागलीं तींहि नऊच वर्षें. या संघाचें स्वामित्व चाहत्यांच्या विश्वस्त-संस्थेकडे होतें, आणि १९७५ चा तो गोलरक्षक त्याचा अध्यक्ष होता.

एका बाजूनेंच न्याय करूं नये. १९७७ सालीं विंबल्डनला जी जागा मिळाली, ती वर्किंग्टनची होती. त्या गांवचा संघ मतांनीं बाहेर गेला, तेव्हां तेथील चाहतेहि हळहळलेच असतील. मिल्टन कीन्सच्या मुलांनाहि आपल्या गांवाचा संघ हवाच कीं! तेथील संघानें २००४ सालीं स्वतंत्र नांव घेतलें, आणि २००७ सालीं जुन्या चषकांची व मानचिन्हांची ठेव विंबल्डनचा कारभार पाहणाऱ्या मर्टन नगरपालिकेच्या स्वाधीन केली. आपलें काय व दुसऱ्याचें काय, हें उशिरानें कां होईना, ओळखणें थोडें नव्हे.

३ नोव्हेंबर २०२० रोजीं विंबल्डनचा संघ प्लाऊ लेनवर परतला. जुन्या जागेपासून हांकेच्या अंतरावर नवें क्रीडांगण उठलें होतें, आणि त्याच्या खर्चास कमी पडलेला पैसा चाहत्यांनींच कर्जाऊ दिला होता. साथीच्या निर्बंधांमुळें त्या दिवशीं आंत एकहि प्रेक्षक नव्हता. १८ वर्षें ज्या क्षणाची वाट पाहिली, तो त्यांनीं आपापल्या घरीं बसून पाहिला. पुढें २०२२ सालीं संघ एक पायरी घसरला व मे २०२५ मध्यें वेंब्लीवर वॉल्सॉलला १-० असें हरवून तिसऱ्या श्रेणींत परत आला. या चढउतारांत आतां कोणास नवल वाटत नाहीं.

आयोगापुढें जो प्रश्न होता, त्याचें उत्तर कागदावर एक निघालें व माळावर दुसरें. लीगमधील जागा, खेळाडूंचे करार, हिशेबाच्या वह्या, हें सारें मिल्टन कीन्सला नेतां आलें. पावसांत उभें राहून हरणाऱ्या संघाला हांक मारणारीं माणसें तेवढीं नेतां आलीं नाहींत. आणि तीं जेथें राहिलीं, तेथेंच संघ राहिला.