अर्धवट बॅकअप : काय काढावे, काय जपावे

वर्षअखेरीचे हिशेब मिटविण्याच्या धांदलीत पेढीवरील संगणक बहुधा एकच तक्रार करतो : डिस्कवर जागा उरलेली नाही. मग घरातील एखादा तरुण किंवा हिशेबनीस मोठ्या आकाराच्या फायली शोधून भराभर पुसू लागतो. जागा मोकळी होते, काम पुढे सरकते. आणि नेमके काय गेले, हे कित्येक महिन्यांनी करखात्याची विचारणा आली की उमगते. म्हणून आजचा विषय थोडा रुक्ष असला तरी पेढीच्या जिव्हाळ्याचा आहे.

बॅकअप घेताना वीज गेली, पेन ड्राइव्ह कोणी मध्येच उपसला किंवा जागा संपली, तर जेवढे लिहून झाले तेवढेच डिस्कवर पडून राहते. जागा ते पूर्ण व्यापते. परंतु त्यातून हिशेब परत मिळण्याची शाश्वती नसते. एक कारण तर फारच सार्वत्रिक आहे आणि ते क्वचितच कोणाच्या लक्षात येते. बाजारात मिळणारे पुष्कळसे पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ या जुन्या पद्धतीने आखलेले असतात, आणि त्या पद्धतीत एकही फाइल ४ जीबीपर्यंतही पुरती पोहोचू शकत नाही. पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी मोठा बॅकअप त्या मर्यादेपाशी येऊन थबकतो. दर आठवड्याला असा प्रयत्न होत राहिला, तर वर्षभरात अर्धवट तुकड्यांचा ढीग साचतो.

हे तुकडे ओळखावेत कसे? नुसत्या आकारावरून नव्हे. फाइलची तारीख, तिच्या आधीच्या व नंतरच्या बॅकअपचा आकार आणि बॅकअप घेणाऱ्या प्रणालीची स्वतःची नोंद, ही तिन्ही जुळवून पाहावीत. ज्या दिवसाच्या नोंदीत ‘अयशस्वी’ असा शेरा आहे, त्याच दिवसाची फाइल संशयित समजावी. शून्य आकाराची किंवा नावाच्या शेवटी ‘टेम्प’ वा ‘पार्ट’ असलेली फाइल बहुधा अपुरीच असते. मात्र पाच मिनिटांच्या अंतराने आकार पुन्हा पाहावा. तो वाढत असेल तर काम अद्याप चालू आहे, आणि चालू कामाला हात लावू नये. अॅपलच्या संगणकावरील टाइम मशीनमध्ये अपुऱ्या बॅकअपच्या नावापुढे ‘इनप्रोग्रेस’ असे लिहिलेले आढळते. तेथे आधी टाइम मशीन थांबवावे, मगच पुढचा विचार करावा.

खरा धोका साखळीच्या बॅकअपमध्ये आहे. अनेक प्रणाली एकदा संपूर्ण प्रत घेतात आणि त्यानंतर रोज केवळ बदल तेवढे टिपतात. पहिली फाइल मोठी व जुनी, पुढच्या लहान व ताज्या. माझ्या परिचयाच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर ‘एवढी मोठी आणि इतकी जुनी, म्हणजे निरुपयोगी’ असे समजून ती पहिलीच फाइल काढून टाकली गेली. मागे उरलेल्या लहान फायली म्हणजे आरंभीची शिल्लक नसलेली रोजकीर्दच. त्यातून काही उभे राहिले नाही आणि दोन वर्षांची खाती छापील कागदांवरून पुन्हा भरावी लागली. साखळीतील शेवटचा अपुरा दुवा काढल्याने सहसा बिघडत नाही. मधला किंवा पहिला काढल्यास त्यापुढचे सारे कोसळते. तेव्हा अशा फायली हाताने पुसण्याऐवजी त्या ज्या प्रणालीने निर्माण केल्या, तिच्याच आतून काढाव्यात. तिला स्वतःची साखळी ठाऊक असते.

टॅली वापरणाऱ्यांनी आणखी एक भेद पक्का ध्यानात ठेवावा. टॅली ईआरपी ९ चा बॅकअप ‘टीबीके ९०० डॉट ००१’ या नावाच्या फाइलमध्ये जातो. डेटा फोल्डरमध्ये जे नुसत्या आकड्यांच्या नावाचे कप्पे दिसतात, ते बॅकअप नव्हेत. ती प्रत्यक्ष चालू खाती होत. नाव अर्थहीन वाटते म्हणून त्यांना कचरा समजणे म्हणजे चालू खतावणीच रद्दीत घालणे होय.

बँकेत असताना जुने दप्तर नष्ट करण्यापूर्वी त्याची यादी होई आणि त्यावर जबाबदार अधिकाऱ्यांच्या सह्या होत. तेव्हा आम्हाला तो वेळेचा अपव्यय वाटे! पेढीवरही तसेच असावे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. अपील वा चौकशी चालू असेल तर त्याहूनही अधिक काळ. पेढी कंपनी स्वरूपात असल्यास कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे मागील आठ आर्थिक वर्षांची पुस्तके ठेवणे बंधनकारक आहे, आणि संगणकीय पुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवण्याचा नियम २०२२ पासून आहे. या कालावधीतील एखाद्या वर्षाची एकमेव प्रत अपुरी असली, तरी ती जाणकाराला दाखविल्याशिवाय काढू नये.

काढण्यापूर्वी दुसऱ्या डिस्कवर नवा, संपूर्ण बॅकअप घ्यावा आणि तो वेगळ्या फोल्डरमध्ये, शक्यतो वेगळ्या संगणकावर, उघडून पाहावा. चालू खात्यांच्याच जागी तो उतरविल्यास आजच्या नोंदींवर जुन्या नोंदी बसण्याचा संभव असतो. मग तेरीज काढून मूळ तेरजेशी ताडावी. ती जुळली, की सुट्या अपुऱ्या फायली ‘काढावयाच्या’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये हलवाव्यात आणि पंधरवडाभर काही अडते का पाहावे. जागेची निकड असेल तर हा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर करावा.

रिसायकल बिनच्या भरवशावरही फार राहू नये. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल सहसा तेथे जातच नाही, आणि फार मोठी फाइलही थेट नाहीशी होऊ शकते. उलट जी फाइल बिनमध्ये गेली आहे, ती बिन रिकामे करेपर्यंत जागा अडवूनच बसते. ‘पुसले तरी जागा वाढली नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा तेथेच असते. बॅकअपचा फोल्डर गूगल ड्राइव्हशी जोडलेला असल्यास येथे पुसलेले तेथूनही जाते. तेथील ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहते, तेवढ्यात परत आणता येते.

आणि फॅट ३२ चा तो पेन ड्राइव्ह? त्यावरील कामाच्या फायली अन्यत्र ठेवून तो ‘एक्सफॅट’ पद्धतीने नव्याने आखून घ्यावा. आखणीत त्यावरचे सर्व पुसले जाते, म्हणून हे काम दुकान बंद झाल्यावर, सावकाश करावे.